भालेरावांनी न बसवलेली काच

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता पडद्यावर जो डोंगर दिसायला हवा होता, तो दिसला नाही. त्याच्या बराच अलीकडे दुसराच एक डोंगर उभा होता.

"मॅडम, परत तोच," तन्वी म्हणाली. तन्वी माझी पीएचडीची विद्यार्थिनी. शेवटचं वर्ष.

"पॉवर कमी करून बघितलीस?"

"कमी केली, जास्त केली. कमी केली की दोन्ही जातात. वाढवली की हाच आधी घुसतो."

आमचे विभागप्रमुख सबनीस सर मागे येऊन उभे राहिले होते. पडद्याकडे जरा वेळ बघून ते म्हणाले, "सुंदर आहे. फक्त आपल्याला हवा तो नाही. शुक्रवारी कंपनीची माणसं येतायत. त्यांना सांगू, तुम्ही मागितलेला प्रकाश नाही, पण आलाच आहात तर हा घेऊन जा."

सबनीसांना उत्तर दिलं की ते आणखी एक वाक्य बोलतात, एवढं मला इतक्या वर्षांत कळलं आहे.

हे डोंगर कसले, ते आधी सांगते. पडद्यावर आलेख असतो, ज्या रंगाचा प्रकाश जास्त तिथे रेघ डोंगरासारखी वर जाते. आमच्या टेबलावर एक लेसर आहे. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. तो आम्ही एका पोकळ फायबरमध्ये सोडतो. नेहमीची ऑप्टिकल फायबर म्हणजे काचेचा भरीव तंतू. ही आतून पोकळ असते. केसाहून थोड्या जाड अशा काचेच्या नळीत कडेने आणखी बारीक नळ्यांचं कडं, आणि मधोमध रिकामी वाट. त्या वाटेत आम्ही हायड्रोजन भरतो, दाबाखाली. मग काही मीटरपर्यंत प्रकाश आणि वायू एकमेकांना चुकवू शकत नाहीत.

हायड्रोजनचा रेणू म्हणजे स्प्रिंगने जोडलेले दोन चेंडू समजा. प्रकाशातून त्याने ऊर्जेचा मोठा घास घेतला, तर स्प्रिंग आत-बाहेर होऊ लागते. त्याला आपण कंप म्हणू. लहान घास घेतला, तर रेणू नुसता गोल फिरतो. ती गिरकी. जेवढा घास गेला तेवढा प्रकाशाचा रंग लाल बाजूला सरकतो. हे रामन विकिरण. सुरुवातीला हे अगदी तुरळक घडतं. पण रंग बदललेला प्रकाश पुढच्या रेणूंनाही तेच करायला लावतो, आणि फायबरच्या दुसऱ्या टोकाशी जाईपर्यंत त्याचा लोंढा होतो. मग त्याला उत्तेजित रामन विकिरण म्हणतात.

आम्हाला हवा होता कंपाचा प्रकाश. तो पाण्यात चांगला शोषला जातो, म्हणून धान्यातला ओलावा मोजण्याचं यंत्र बनवणाऱ्या एका कंपनीला तो हवा होता. आम्हाला मिळत होता गिरकीचा. रेणू दोन्ही करू शकतो. त्याने काय करावं हे आपल्याला ठरवता येतं, पण फार बारकाईने. वायूचा दाब, फायबरची लांबी, लेसरची ताकद, आणि सगळ्यात नाजूक म्हणजे प्रकाशाच्या लहरीची चाल. लहर एका सरळ रेषेत वरखाली हलत असली तर कंपाला वाव मिळतो. तीच मळसूत्रासारखी फिरत पुढे गेली तर गिरकीचं फावतं. आमच्या मांडणीत दोघांची स्पर्धा अगदी अटीतटीची होती. थोडं इकडचं तिकडे झालं की निकाल फिरणार.

गेलं वर्षभर हा निकाल आमच्या बाजूने लागत होता. त्याचं कारण भालेराव होते, पण हे मला त्या मंगळवारी नीट माहीत नव्हतं.

भालेराव आमचे टेक्निशियन. आयटीआय झालेले टर्नर. अठरा वर्षं माझ्याबरोबर होते. फायबरची दोन्ही टोकं ज्या धातूच्या डब्यांत बसतात आणि ज्यांतून वायू आत जातो, ते दोन डबे त्यांनी स्वतः लेथवर काढले होते. परदेशी डबा मागवायला सबनीस तेव्हाही तयार होते. भालेराव म्हणाले होते, "मागवा की. तो येईपर्यंत मी एक करून ठेवतो. तो आला की हा फेकून देऊ." तो कधी आला नाही, कारण तोवर यांचे डबे चालू झाले होते.

बोलणं कमी. सकाळी माझ्या आधी येत आणि खिडकीशी उभं राहून पेपर वाचत. हायड्रोजनबद्दल म्हणत, "याला घरात कोंडता येत नाही मॅडम. हा फट शोधत नाही, फट याला शोधत येते." खंडेनवमीला सगळे आपापल्या यंत्रांना झेंडूची फुलं वाहत. आमच्या टेबलाजवळ कोणी फूल घेऊन आलं की भालेराव हात पुढे करत. "मला द्या. मी खिशाला लावतो. आरशांवर पराग पडला तर देव येऊन पुसणार नाहीये." त्या दिवशी सगळ्या विभागात फुलं फक्त त्यांच्या शर्टाच्या खिशात छान दिसत.

डिसेंबरमध्ये एका शनिवारी घरी बसल्या बसल्या ते गेले. सोमवारी ऑफिसच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला, तेव्हा मी धायरीहून निघालेच होते, सिंहगड रोडवर सिग्नलला थांबले होते. सिग्नल सुटल्यावर मागच्यांनी हॉर्न वाजवला, तेव्हा गाडी पुढे घेतली.

पुढचे सहा आठवडे टेबल बंदच होतं. जानेवारीच्या शेवटी ते उघडलं, तेव्हा पुढच्या डब्याच्या काचेवर लेसरने भाजलेला ठिपका दिसला. ही काच म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढी चकती. लेसर तिच्यातून डब्यात शिरतो. ती बदलणं हे नेहमी भालेरावांचं काम. या वेळी मी बदलली. त्यानंतर दुसरा डोंगर आला.

सबनीसांचं निदान तयार होतं. दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"दामले मॅडम, तुमचा लेसर नवा, फायबर नवी, गॅस नवा. जुनं काय उरलं? तो डबा."

"वर्षभर नीट चालला तो."

"वर्षभर भालेराव त्याला सांभाळत होते. हातकाम होतं ते. माणूस होता तोवर चाललं." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. वस्तू बाद करण्याचा फॉर्म. "एका ग्रुपकडे तयार डबे पडून आहेत, ते उसने देतायत. हे दोन बाद करून टाकू. कारणाच्या रकान्यात लिहा, सदोष बनावट. खाली बनवणाऱ्याचं नाव लागतं, ते टाका, आणि तुमची सही."

"सदोष बनावटच लिहायला हवं?"

"दुसरं काही सुचत असेल तर लिहा. गुरुवार संध्याकाळपर्यंत वेळ आहे. त्यानंतर मला डबे बदलावेच लागतील."

मी कागद घेऊन आले. बनवणाऱ्याचं नाव या रकान्यात मी "श्री. भालेराव" एवढं लिहिलं आणि थांबले. हा कागद फाइलमध्ये लागला असता आणि कोणी पुन्हा वाचला नसता. तरीही मला तो लिहिता येईना. ज्याला उत्तर देता येत नाही, अशा माणसावर मी दोष ठेवणार होते, आणि तोही खात्री न करता.

बुधवारी सकाळी आम्ही एकेक गोष्ट तपासली. लेसरची ताकद मोजली, ठीक. फायबरचं टोक पुन्हा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, आरशासारखं होतं. सिलिंडर बदलला. दाब थोडा वाढवला, थोडा उतरवला. लहरीची चाल तपासली, डब्यात शिरण्याआधी प्रकाश पट्टीने आखल्यासारखा सरळ होता.

"म्हणजे डब्यातच काहीतरी आहे," तन्वी हळूच म्हणाली. "सरांचं बरोबर असेल का?"

"डब्यात बदलली ती फक्त काच. तिच्यात काय असणार? काच साधी आहे. बॉक्समधून काढून मीच बसवली."

"तुम्ही टॉर्क रेंचने बसवली ना?"

"हो. पुस्तकात बघून."

टॉर्क रेंच म्हणजे किती जोर लावला ते सांगणारा पाना. ठरवलेला जोर झाला की कट्‌ असा आवाज करतो. काचेवर एक धातूची कडी असते आणि तिला सहा बोल्ट. भालेराव ते छोट्या पान्याने, जवळजवळ बोटांनीच आवळत. समोरासमोरचे दोन, मग पुढचे दोन. मला हायड्रोजनची भीती वाटत होती आणि ते शेजारी नव्हते. म्हणून मी हँडबुक काढलं, बोल्टच्या मापासमोरचा आकडा शोधला आणि सहाही बोल्ट त्या आकड्याला कट्‌ वाजेपर्यंत आवळले. तेव्हा मला फार सुरक्षित वाटलं होतं.

बुधवारी दुपारी मी विश्रांतवाडीला गेले. त्यांच्या लॉकरमधल्या वस्तू घरी पोचवायच्या होत्या. चष्म्याचं घर, स्टीलचा डबा, वाचनालयाचं अर्धं वाचलेलं पुस्तक. पावतीवर त्यांच्या पत्नीची सही हवी होती. हे काम मी सहा आठवडे टाळत होते. तपासायला आता काही उरलं नव्हतं, म्हणून त्या दिवशी टाळायलाही काही उरलं नाही.

दुसऱ्या मजल्यावरचं घर. पांढऱ्या कापडावर बुद्धमूर्ती, शेजारी त्यांचा फोटो. सुनंदावहिनींनी वस्तू एकेक करून बघितल्या. पुस्तकात बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं होतं. ते त्यांनी काढलं नाही.

"हे परत द्यायचं राहिलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"मी देते वाचनालयात."

"नको. मी देते. इथपर्यंत वाचलंय, पुढचं मी वाचते आणि मग देते."

चहा झाला. कप धुऊन ठेवावा म्हणून मी मोरीशी गेले. नळ बंद केला, थेंब गळेल की काय असं वाटून आणखी एकदा जोरात पिळला.

"अहो मॅडम, पिळू नका एवढा!" वहिनी मागून म्हणाल्या, आणि लगेच ओशाळल्या. "सवय लागलीये. त्यांनी सगळ्या घराला लावली. नळ पिळला की ओरडायचे. म्हणायचे, पाणी रबराने थांबतं, तुमच्या जोराने नाही. रबर टेकलं की झालं. पुढचा सगळा जोर फुकट, वर वायसर मरतो."

"कुकरचंही तसंच," त्या जरा हसल्या. "वाफ धरली की रिंग आपोआप बसते म्हणायचे. वाफच तिला बसवते. माझी मुलगी वैतागायची, स्वयंपाक आहे की वर्कशॉप."

मी कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. काचेखाली रबराची रिंग होती. मी स्वतः बसवली होती. काळी, बारीक.

"मॅडम, काय झालं?"

"काही नाही वहिनी. एक पान वाचायचं राहिलंय."

रिक्षाने परत आले. हँडबुक काढलं. तो तक्ता दोन पानांचा होता. मी आकडा घेतला होता डावीकडच्या पानावरून, तिथे मथळा नव्हता. मथळा होता पान उलटून आधीच्या पानावर. तांब्याच्या रिंगसाठी, असं तिथे स्पष्ट छापलेलं होतं. तांब्याची रिंग चेपायला प्रचंड जोर लागतो. रबराला नुसतं टेकावं लागतं, बाकीचं काम आतला दाबच करतो, तो रबराला खाचेत ढकलून बसवतो. मी जो जोर लावला होता तो रबर चेपून उरला होता, आणि उरलेला सगळा काचेवर गेला होता.

काच काही फुटली नव्हती. पण दाबलेली काच सरळ लहर सरळ ठेवत नाही, तिला पीळ देते. कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी एकाच दिशेची लहर पुढे सोडणाऱ्या दोन काचांमध्ये, म्हणजे पोलरायझरमध्ये, धरली तर तिच्यात रंगीत पट्टे दिसतात, ते याच कारणाने. आम्ही लहरीची चाल काचेच्या बाहेर तपासत होतो. ती बिघडत होती काचेत.

गुरुवारी सकाळी हायड्रोजन काढून टाकला, नायट्रोजनने डबा दोनदा धुतला. मग काच आणि कडी जिच्यावर बसतात ती टोपी, सहाही बोल्ट होते तसेच ठेवून, डब्यावरून उतरवली. तन्वीने दोन पोलरायझर एकमेकांना आडवे धरले. असे धरले की मधून प्रकाश जात नाही, सगळं काळं दिसतं. मध्ये टोपी धरली आणि मागून टॉर्च लावला.

काच काळी राहायला हवी होती. तिच्या कडेने पांढरे ढग होते, दोन बोल्टांजवळ जास्त दाट, आणि त्यांच्यातून करडा धूर थेट मध्यापर्यंत आला होता. लेसर मध्यातूनच जातो.

"ओ माय गॉड," तन्वी म्हणाली. "मॅडम, हे केवढं दिसतंय. डोळ्यांनी दिसतंय!"

"धरून ठेव. हलवू नकोस."

मी छोटा पाना घेतला. समोरासमोरचे दोन बोल्ट थोडे सैल केले. मग पुढचे दोन. मग उरलेले. ढग मागे सरकले. आणखी थोडं. मधला धूर विरला. सगळ्यात शेवटी कडेचे ठिपके गेले आणि काच पुरती काळी झाली. मग बोल्ट बोटांनी परत आवळत आणले, काचेत उजेड येऊ लागण्याच्या जरा आधी थांबले.

"पण लीक झालं तर?" तन्वीने विचारलं. मलाही हेच विचारायचं होतं, पण विचारायला कोणी नव्हतं.

टोपी डब्यावर चढवली. आधी नायट्रोजन भरला, कामाच्या दाबाहून जास्त, आणि जोडांना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. दोन तास काटा बघत बसलो. काटा हलला नाही. मग हायड्रोजन भरला, सेन्सर शेजारी ठेवला. तो गप्प राहिला.

दुपारी तीन वाजता लेसर चालू केला. तन्वीने ताकद हळूहळू वाढवली. पडदा सपाट होता. मग उजवीकडे, जिथे हवा तिथे, डोंगर उभा राहिला. गिरकीच्या जागी एक उंचवटा होता, पण तिकडे मुद्दाम बघितलं तरच दिसेल एवढा.

तन्वीने माझ्याकडे बघितलं. ती टाळ्या वाजवणार होती, पण माझा चेहरा बघून तिने वाजवल्या नाहीत. मी चष्मा पुसत होते.

चार वाजता मी सबनीसांकडे गेले. फॉर्म फाडून टाकला होता. त्याऐवजी एक पानाची नोंद लिहून नेली होती. काच बसवताना कोणती चूक झाली, कोणी केली, कशी सापडली. खाली माझं नाव. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की डब्याची बनावट तपासली आणि तिच्यात दोष आढळला नाही.

त्यांनी ती वाचली. मग परत वाचली.

"आता चालतंय ना? मग हे कशाला? फाइलला तुमची चूक कायमची चिकटेल."

"मंगळवारी त्यांची चिकटवायला तुमची हरकत नव्हती सर."

सबनीसांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी सही केली आणि कागद परत देताना म्हणाले, "पुढच्या वेळी निदान आधीचं पान वाचत जा." मी हो म्हटलं. उत्तर दिलं असतं तर आणखी एक वाक्य आलं असतं, पण त्या दिवशी ते चाललं असतं.

शुक्रवारी कंपनीची दोन माणसं आली. पाऊण तास डोंगर जागचा हलला नाही. त्यांच्यातल्या मोठ्या गृहस्थांनी डबा निरखून विचारलं, "हा कुठल्या कंपनीचा?" सबनीसच म्हणाले, "आमच्याकडचाच. आमचे भालेराव होते, त्यांनी केलेला." कंपनीने वर्षभराचं काम दिलं. टेबल आहे तिथेच आहे, दोन्ही डब्यांसकट.

आता आमच्या कार्यपद्धतीत काच बसवण्याचा वेगळा परिच्छेद आहे. त्यात आकडा नाही. दोन पोलरायझरमध्ये धरून काच काळी राहील एवढेच बोल्ट आवळावेत, असं आहे. आणि तक्ता वापरताना मथळा आधी वाचावा, तो मागच्या पानावर असू शकतो, हेही लिहिलं आहे. नवी मुलं ते वाचून हसतात. हसू देत.

परिच्छेद टाइप करताना तन्वीने विचारलं होतं, "मॅडम, काकांना हे सगळं माहीत होतं, मग त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं कसं नाही?"

मी म्हटलं, मी कधी विचारलं नाही. अठरा वर्षं ते माझ्यापासून चार फुटांवर काचा बसवत होते, आणि तेवढ्या वेळात मी माझे मेल वाचून घेत असे.